शिशुवर्गातले ऋतू आणि सण : भिंत सजवण्यापलीकडे काय काय करता येते?

बालवर्गताई :

शिशुवर्गाचे वार्षिक नियोजन करायला बसले की ऋतू आणि सण हे विषय न बोलावता कागदावर उतरतात. पावसाच्या दिवसांत कागदाची छत्री, थंडीच्या दिवसांत कापूस चिकटवलेले ढग, सण जवळ आला की शुभेच्छापत्र, असा आराखडा बहुतेक ठिकाणी वर्षानुवर्षे चालत आलेला असतो. त्यात वाईट असे काही नाही. मुलांचे हात गुंततात आणि घरी आलेली वस्तू पाहून पालकांनाही आनंद होतो. परंतु या वयाच्या मुलांसाठी ऋतू आणि सण हे सजावटीचे विषय नसून काळ समजून घेण्याचे सर्वांत हाताशी असलेले साधन आहेत, असे माझे ठाम मत झाले आहे, आणि त्या दृष्टीने आपण त्यांचा फारच कमी उपयोग करून घेतो. त्याविषयी सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे. शिक्षकांनी आणि पालकांनी आपापले उपक्रम साहित्यासह आणि कृतीसह लिहावेत, म्हणजे पुढे कोणालाही ते जसेच्या तसे वापरता येतील.

चार ते सहा वर्षांच्या मुलाला 'काल', 'परवा', 'पुढच्या आठवड्यात' हे शब्द बोलता येतात, परंतु त्यांच्यामागचे अंतर त्याला जाणवत नाही. महिन्यापूर्वी घडलेली गोष्ट ते काल घडली असे सांगते, आणि सणाला अजून दहा दिवस आहेत हे आज समजावून सांगितले तरी उद्या सकाळी दारातच 'आज आहे ना?' असे विचारते. घड्याळ आणि दिनदर्शिका या वयात पाठ केलेल्या आकड्यांपुरत्याच राहतात. याउलट पाने गळणे, सावली लांबणे, अंगणातली माती भिजणे आणि पुन्हा भेगाळणे हे बदल मुलाला डोळ्यांनी दिसतात, हातांनी चाचपता येतात, आणि मुख्य म्हणजे ते पुन्हा येतात. 'गेल्या वेळी असेच झाले होते' हे वाक्य मुलाने आपणहून उच्चारले, तर वर्षभराच्या नियोजनाचे चीज झाले असे मी मानते.

म्हणून माझ्या वर्गात वर्षाच्या सुरुवातीला सर्वांत आधी एक झाड निवडले जाते. ते रोज येता-जाता दिसणारे असावे, त्याच्या बुंध्याला हात लावता यावा, आणि त्याची पाने गळत असावीत किंवा निदान त्याला फुले-फळे येत असावीत. महिन्यातून एकदा त्याच जागी उभे राहून आम्ही त्याचे छायाचित्र काढतो. जागा बदलू नये म्हणून जमिनीवर रंगाची खूण केलेली असते. बुंध्यावर पातळ कागद धरून तेलखडू आडवा घासला की सालीचा ठसा उमटतो. लोकरीच्या धाग्याने बुंध्याचा घेर मोजून तो धागा फलकावर लावला जातो आणि मग प्रत्येक मूल आपल्या मिठीची लांबी त्याच्याशी ताडून पाहते. एका वर्षी एका मुलाने खाली पडलेले पान उचलले, त्याच्या देठाचे टोक बोटाने चाचपले आणि हे कुठून पडले असेल म्हणून खालच्या फांदीवर शोधू लागला. तिथे त्याला देठाच्या टोकाच्या आकाराचा बारीक वण सापडला, आणि त्या वणाच्या नेमका वर फांदीला चिकटून बसलेला कोंबही दिसला. पान गळण्याआधीच पुढच्या वाढीची तयारी झाडाने करून ठेवलेली असते, ही गोष्ट कोणत्याही तक्त्यावरून त्याच्यापर्यंत इतकी स्वच्छ पोहोचली नसती. त्यानंतर सारा वर्ग कोंब शोधण्याच्या मागे लागला आणि मी त्या दिवसाचा गोष्टीचा तास पुढे ढकलला.

वर्षअखेरीस ही छायाचित्रे मुलांपुढे विस्कटून ठेवावीत आणि क्रम त्यांना लावू द्यावा. ती सरळ रेषेत मांडली की पहिले आणि शेवटचे चित्र बरेचसे सारखे आहे हे कुणाच्या तरी लक्षात येते, आणि मग रांग वाकवून वर्तुळ करण्याची कल्पना मुलांकडूनच येते. ती आली नाही तर आपण सुचवण्याची घाई करू नये.

सणांच्या बाबतीत माझा भर वाट पाहण्यावर आहे. घोटीव कागदाच्या कड्यांची साखळी करून रोज एक कडी काढण्याचा उपक्रम सर्वांना माहीत आहे. त्यात एक छोटीशी भर घालावी. काढलेली कडी टाकून न देता शेजारीच दुसऱ्या साखळीत जोडावी. एक साखळी आखूड होत जाते, दुसरी तेवढीच वाढते, आणि 'राहिलेले दिवस' व 'झालेले दिवस' मुलाच्या डोळ्यांसमोर राहतात. दोन्ही मिळून कड्या तेवढ्याच आहेत हे मोठ्या शिशूतली काही मुले मोजून पडताळून पाहतात, आणि बेरीज-वजाबाकीचे नाते त्यांच्या हाती लागते.

नवशिकी_बाई :

ताई, लेखाबद्दल मनापासून आभार. माझे हे पहिलेच वर्ष आहे आणि दोन अडचणी विचारायच्या आहेत.

पहिली अडचण तक्त्यांची आहे. आमच्या वर्गातल्या तक्त्यावर चार चौकटींत चार ऋतू आहेत. एका चौकटीत बर्फ आहे, एकीत लाल-पिवळी पाने आहेत. मुलांनी यातले जवळजवळ काहीच पाहिलेले नाही. आमच्या अंगणातली झाडे बाराही महिने हिरवी असतात. तक्त्यावर बोट ठेवून विचारले की मुले बरोबर उत्तर देतात, पण खिडकीबाहेर बघून आज कोणता ऋतू आहे असे विचारले की गोंधळतात. अशा ठिकाणी काय करावे?

दुसरी अडचण अशी की प्रत्येक सणाला प्रत्येक मुलाची एकसारखी, नेटकी वस्तू फलकावर लागली पाहिजे असा आमच्याकडे आग्रह असतो. त्यामुळे कातरकाम मी करते, घड्या मी घालते आणि मुले शेवटी एक टिकली चिकटवतात. हे मनाला पटत नाही, पण भिंत रिकामी ठेवण्याची मुभाही नाही.

निवृत्त_शिक्षिका :

नवशिकी बाई, तुम्ही पहिला प्रश्न विचारलात हे फार चांगले झाले. बर्फाचे चित्र दाखवून मुलांकडून 'हिवाळा' असे वदवून घेणे म्हणजे त्यांनी न पाहिलेल्या गोष्टीचे नाव त्यांच्याकडून पाठ करून घेणे होय. तक्ता काही महिने खाली उतरवून ठेवा. आपल्या दाराबाहेर जे बदलते तोच आपला ऋतू, एवढे एकच सूत्र धरा. झाड सदाहरित असले तरी स्थिर नसते. कोवळी पालवी फिकट, तांबूस किंवा पोपटी असते, जून पान गडद आणि जाड असते, मोहोर येतो, फळ धरते, पक्षी घरटे बांधतात, मुंग्यांची ये-जा वाढते आणि कमी होते. तेही दिसत नसेल तर ऊन कुठेच चुकत नाही. ज्या खिडकीतून उन्हाचा तुकडा वर्गाच्या फरशीवर पडतो तिथे महिन्यातून एकदा, घड्याळातल्या एकाच वेळी, त्या तुकड्याच्या कडेने चिकटपट्टी लावा आणि पट्टीवर त्या महिन्याचे चित्र काढा. दोन-तीन महिन्यांत ऊन सरकले आहे हे मुलांना दिसू लागते. सहामाही उलटली की ते मागे वळते. जगात कुठेही हा उपक्रम करता येतो.

अंगणात सावली आखण्याचा उपक्रमही असाच आहे. एक मूल खुणेच्या जागी उभे राहते, दुसरे खडूने त्याच्या सावलीची कड आखते. सकाळी, मधल्या सुट्टीत आणि घरी जाण्याआधी अशा तीन सावल्या एकाच दिवशी आखाव्यात, आणि तोच खेळ काही महिन्यांनी पुन्हा खेळावा. विषुववृत्ताच्या जवळच्या प्रदेशात दुपारची सावली बरीच आखूड असते, त्यामुळे तिच्या लांबीतला फरक मुलांच्या सहज लक्षात येत नाही. तिथे सकाळच्या सावलीची दिशा पाहावी.

इथे शिक्षकांसाठी एक गोष्ट आवर्जून लिहिते. पृथ्वी सूर्याजवळ गेली की उन्हाळा आणि लांब गेली की हिवाळा, असे सांगणारे पुष्कळ जण भेटतात. वस्तुस्थिती अशी आहे की पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते, सुमारे 14.7 कोटी किलोमीटरवर, आणि सर्वांत दूर जुलैच्या सुरुवातीला, सुमारे 15.2 कोटी किलोमीटरवर. ऋतू होतात ते पृथ्वीचा अक्ष सुमारे 23.5 अंशांनी कललेला असल्यामुळे. म्हणूनच उत्तर गोलार्धात उन्हाळा असतो तेव्हा दक्षिण गोलार्धात हिवाळा असतो. हे स्पष्टीकरण पाच वर्षांच्या मुलाला देण्याची मुळीच गरज नाही, परंतु चुकीचे स्पष्टीकरण मात्र अजिबात देऊ नये. मुलाने 'ऊन का सरकले?' असे विचारले तर 'तुला काय वाटते?' असे विचारून त्याचे उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावे.

फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी 1837 साली जर्मनीत ब्लँकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी जी संस्था सुरू केली, तिच्यातून पुढे शिशुवर्गाची कल्पना जगभर गेली. त्यांच्या मांडणीत प्रत्यक्ष बागकाम होते. प्रत्येक मुलाचा स्वतःचा छोटा वाफा आणि सर्वांचा मिळून एक सामाईक वाफा, अशी त्यांची योजना होती. ही दुहेरी रचना आजही करून पाहण्याजोगी आहे. स्वतःच्या कुंडीतले रोप वाळले तर मुलाला वाईट वाटते, परंतु सामाईक वाफ्यात काहीतरी हिरवे उरलेले असते. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पाने, बिया, शंख, खडे अशा भोवतालच्या वस्तूंमधून शैक्षणिक साहित्य उभे केले, हेही या संदर्भात लक्षात ठेवावे. ऋतूचे साहित्य विकत आणावे लागत नाही. ते गोळा करण्यासाठी मुलांना घेऊन बाहेर पडावे लागते.

बालवर्गताई :

ताईंनी पहिल्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापेक्षा कितीतरी चांगले दिले आहे. दुसऱ्या प्रश्नाविषयी मी लिहिते.

भिंत रिकामी ठेवू नका, पण भिंतीवर काय लागते ते बदला. आमच्याकडे आठवड्यातून एक दिवस 'आजच्या आकाशाचा रंग' हा उपक्रम असतो. तळहाताएवढे कार्डशीटचे तुकडे, निळा, पांढरा, काळा आणि थोडासा पिवळा रंग, एवढेच साहित्य लागते. त्या दिवशीची दोन-तीन मुले बाहेर जाऊन आकाश बघतात, आत येऊन रंग मिसळतात, पुन्हा बाहेर जाऊन कार्ड आकाशासमोर धरतात, आणि 'अजून पांढरा पाहिजे' असे म्हणत परत येतात. तयार कार्डे ओळीने भिंतीवर लागतात. काही महिन्यांत लांबच लांब पट्टा तयार होतो आणि त्यात पावसाचे राखाडी आठवडे, लख्ख निळे आठवडे दुरूनही ओळखू येतात. फलक नेटका दिसतो, मुख्याध्यापकांचे समाधान होते, आणि भिंतीवरचा प्रत्येक तुकडा मुलाच्या निरीक्षणातून आलेला असतो.

एकसारख्या वस्तूंचा आग्रह जिथे असेल तिथे साहित्य सर्वांना एकच द्यावे आणि कृती मोकळी ठेवावी. सणात दिव्यांना महत्त्व असेल तर प्रकाशाशी खेळू द्यावे. टॉर्च, पांढरा पडदा, चाळणी, रंगीत पारदर्शक कागद, काचेचा पेला, पुठ्ठा या वस्तूंमधून प्रकाश कशातून आरपार जातो, कशातून धूसर येतो आणि कशाला अडतो याची वर्गवारी मुले स्वतः करतात. त्यानंतर त्यांनी केलेला कंदील वेडावाकडा असेल, परंतु त्याच्या कोणत्या बाजूला कोणता कागद लावायचा याचे कारण त्यांच्याकडे असेल.

सजावट किती असावी याविषयी एक अभ्यास सर्वांनी लक्षात घ्यावा. 2014 साली कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी शिशुवर्गातील 24 मुलांना काही पाठ भरगच्च सजवलेल्या खोलीत आणि काही पाठ साध्या भिंतींच्या खोलीत दिले. सजवलेल्या खोलीत मुलांचे लक्ष अधिक वेळ विचलित झाले आणि पाठानंतरच्या चाचणीत त्यांची बरोबर उत्तरेही कमी आली. अभ्यास लहान आहे, त्यावरून भिंती पांढऱ्या फटक ठेवाव्यात असे मी म्हणणार नाही; परंतु सणाच्या आठवड्यात छताला, खिडक्यांना आणि फळ्याच्या चारही कडांना झुरमुळ्या लावून आपण त्याच मुलांकडून एकाग्रतेची अपेक्षा करतो, याचा विचार व्हायला हवा. एक भिंत सजवावी आणि मुले जिकडे तोंड करून बसतात ती भिंत शांत ठेवावी, एवढे तर सहज करता येते.

दोन_मुलांचा_बाबा :

पालक म्हणून लिहितो. वरील सर्व उपक्रम वाचून आनंद झाला, परंतु सणांच्या बाबतीत घरून दिसणारी बाजूही मांडावीशी वाटते.

एकाच वर्गात निरनिराळ्या घरांतली मुले असतात. काही घरांत एखादा सण मोठ्या प्रमाणावर होतो, काही घरांत होतच नाही, आणि काही घरांत त्या वर्षी दुःख असल्यामुळे होणार नसतो. 'तुमच्याकडे काय काय केले?' असा प्रश्न गोलात बसवून सर्वांना विचारला की ज्याच्याकडे सांगण्यासारखे काही नाही ते मूल एक तर गप्प बसते किंवा शेजारच्याने सांगितलेले आपले म्हणून सांगते. भेटकार्डांचेही तसेच होते. आईसाठी किंवा बाबांसाठी म्हणून जी कार्डे केली जातात, त्यांत आई नसलेले, बाबा नसलेले किंवा आजीकडे वाढणारे मूल कोणासाठी कार्ड करणार? माझ्या धाकट्या मुलीच्या वर्गातल्या बाईंनी 'तुझी काळजी घेणाऱ्या मोठ्या माणसासाठी' असे शब्द वापरले आणि कार्डावर काय लिहायचे ते प्रत्येक मुलाला विचारून त्याच्याच शब्दांत लिहून दिले. मुलीने सांगितलेले वाक्य होते, 'तू माझी वेणी घट्ट घालतेस पण मला तू आवडतेस.' ते कार्ड आजीकडे गेले आणि तिने ते देवघराशेजारी लावले आहे.

दुसरा मुद्दा समारंभाच्या तालमींचा. मुलांचे नाच बसवण्यासाठी रोजचे खेळ आणि गोष्टी कितीतरी दिवस बंद पडतात. मुले दमतात, ओरडा खातात, आणि सणाविषयी त्यांच्या मनात रांगेत उभे राहण्याची आठवण उरते. पालकांना मुलांना बघायचे असते हे खरे आहे, पण रोजच्या वर्गातली दोन गाणी आणि एक खेळ एवढेच पालकांसमोर झाले तरी आम्हाला पुरेसे आहे. शाळांनी आम्हाला एकदा विचारून तर पाहावे.

स्पर्धा आणि बक्षिसे यांबद्दल जाणकारांनी सांगावे. सणाच्या चित्रस्पर्धेत बक्षीस न मिळाल्यापासून माझा मोठा मुलगा बरेच दिवस रंगांना हात लावत नव्हता.

निवृत्त_शिक्षिका :

दादा, तुमच्या शेवटच्या प्रश्नाशी संबंधित एक गाजलेला प्रयोग आहे. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी 1973 साली तो प्रसिद्ध केला. मनापासून चित्रे काढणाऱ्या बालवर्गातल्या मुलांपैकी काहींना आधी सांगून बक्षीस दिले, काहींना न सांगता अचानक दिले आणि काहींना दिलेच नाही. पुढे मोकळ्या वेळात पाहिले तेव्हा ज्यांना आधी कबूल करून बक्षीस दिले होते, ती मुले चित्रकलेकडे इतरांपेक्षा कमी वळत होती. जे काम मूल स्वतःच्या आनंदासाठी करते त्याला मोबदला जोडला की आनंद मागे पडू शकतो, असा त्याचा अर्थ. तुमच्या मुलाची गोष्ट वेगळी आहे, कारण त्याला बक्षीस मिळाले नाही. परंतु या वयात सणाच्या चित्रांना क्रमांक देऊच नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच्याजवळ बसून तुम्ही स्वतः रंगवायला लागा, त्याला बोलावू नका. बहुतेक मुले काही वेळाने आपणहून शेजारी येऊन बसतात.

घरोघरच्या सणांबाबत आम्ही असे करत होतो की, ज्या पालकांना यायचे असेल त्यांनी वर्गात येऊन आपल्या घरी एखाद्या सणाला प्रत्यक्ष काय करतात ते करून दाखवावे: कोणते गाणे म्हणतात, कोणती वस्तू कपाटातून काढतात, लहानपणी ते त्या दिवशी काय करत असत. मुलांना व्याख्यान नको असते, कृती हवी असते. सण न करणाऱ्या घरातले पालकही आले आणि त्यांनी आपल्या घरातला कुटुंबाचा खास दिवस सांगितला. वर्षभरात कोणाचे सण झाले, कोणाचे राहिले याची नोंद मात्र शिक्षकाने जरूर ठेवावी, नाहीतर ज्यांचे आवाज मोठे त्यांचेच सण वर्गात येतात.

विज्ञानवेडी :

मी शिशुवर्गांसाठी विज्ञान उपक्रम तयार करते. ऋतूंशी जोडलेले काही अनुभव लिहिते.

पाऊस मोजण्यासाठी सरळ उभ्या भिंतीचे, सपाट बुडाचे भांडेच घ्यावे. बुडाशी निमुळत्या भांड्यात मोजमाप चुकते. पाऊस पडून गेला की भांड्याशेजारी कागदाची पट्टी उभी धरून पाण्याच्या उंचीएवढी कापावी आणि तारखेखाली चिकटवावी. मुलांना आकडे वाचावे लागत नाहीत, तरी पट्ट्यांचा आलेख तयार होतो. शिक्षकांच्या माहितीसाठी सांगते की 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 चौरस मीटर जागेवर 1 लिटर पाणी. पाऊस थांबल्यावर अंगणातल्या डबक्याभोवती खडूने रेघ मारावी आणि तासा-दोन तासांनी पुन्हा मारावी. एकात एक वर्तुळे तयार होतात आणि 'पाणी कुठे गेले?' या प्रश्नावर वर्ग रंगतो. जमिनीने प्यायले असे काहीजण म्हणतात. मग तेवढेच पाणी ताटलीत ठेवून पाहायचे, कारण ताटली काही पाणी पीत नाही.

गळणाऱ्या पानांचे रंग हा दुसरा विषय. हिरवे हरितद्रव्य नाहीसे होऊ लागले की पिवळी-नारिंगी रंगद्रव्ये दिसू लागतात. ती पानात आधीपासूनच असतात. लाल-जांभळा रंग मात्र बऱ्याच जातींत त्या काळात नव्याने तयार होतो. मुलांसाठी याची सोपी कृती अशी: ताजे पान पांढऱ्या सुती कापडाच्या घडीत ठेवावे आणि लाकडी ठोकळ्याने हलके हलके ठोकावे. शिरांसकट पानाची आकृती कापडावर उमटते. वेगवेगळ्या महिन्यांतली कापडे शेजारी टांगली की रंगांचा फरक बोलका होतो. पाने किंवा बिया वेगळ्या करण्याच्या खेळात मात्र वर्गवारीचा नियम मुलांनी ठरवावा. आपण 'मोठी इकडे, लहान तिकडे' असे सांगून टाकले की विचार करण्याचा भाग आपणच खाऊन टाकतो. एकदा एका मुलीने पानांचे दोन ढीग केले होते आणि नियम विचारल्यावर म्हणाली, 'ही कुरकुर वाजतात, ही नाही वाजत.'

सणांच्या तारखा का बदलतात हा प्रश्न मोठी मुले विचारतातच. काही कालगणना सूर्याला धरून आहेत, काही चंद्राला, काही दोघांनाही. चांद्र वर्ष सुमारे 354 दिवसांचे, म्हणजे सौर वर्षापेक्षा साधारण 11 दिवसांनी लहान असते. म्हणून केवळ चंद्रावर चालणाऱ्या कालगणनेतले सण सुमारे 33 वर्षांत सगळ्या ऋतूंमधून फिरून येतात, तर दोघांना धरून चालणाऱ्या कालगणनांत मधूनमधून एक अधिक महिना घालून सण ऋतूशी जुळवून घेतात. मुलांना यातले फक्त चंद्र पाहणे द्यावे. पौर्णिमेनंतरच्या काही दिवसांत शाळेच्या सकाळच्या वेळी पश्चिमेकडे चंद्र दिसतो आणि दिवसा दिसणाऱ्या चंद्राचे मुलांना केवढे अप्रूप वाटते! काळ्या कागदावर पांढऱ्या खडूने जसा दिसेल तसा काढू द्यावा.

सूर्याभोवती वर्षाची फेरी दाखवण्याची एक सुंदर पद्धत माँटेसरी शाळांमध्ये वाढदिवसाला वापरतात. मध्ये सूर्य म्हणून दिवा ठेवतात आणि वाढदिवस असलेले मूल पृथ्वीचा छोटा गोल हातात घेऊन, जितकी वर्षे पूर्ण झाली तितक्या फेऱ्या त्याच्याभोवती मारते. प्रत्येक फेरीला त्या वयातली एखादी गोष्ट किंवा छायाचित्र. दिवा बॅटरीचा वापरावा, पेटती ज्योत नको.

सुरक्षिततेचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. बिया गोळा करताना गुंज आणि एरंड यांच्या बिया कटाक्षाने दूर ठेवाव्यात. गुंजेचा लाल-काळा रंग मुलांना फार मोहात पाडतो, आणि दोन्ही बिया अत्यंत विषारी आहेत. फुटलेल्या फुग्यांचे तुकडे ताबडतोब उचलावेत, ते घशात अडकतात. सणाचा खाऊ वर्गात वाटण्याआधी कोणत्या मुलाला कशाची ॲलर्जी आहे याची यादी हाताशी असावी.

नवशिकी_बाई :

सर्वांचे आभार. उन्हाच्या तुकड्याला पट्टी लावली आहे आणि मुले रोज सकाळी तिथे जाऊन उभी राहतात. आता शेवटचा प्रश्न. सुट्टी जवळ आली की वर्ग अनावर होतो, सुट्टीनंतर मुले पुन्हा पहिल्या दिवसासारखी रडतात, आणि सुट्टीतल्या अभ्यासासाठी वर्कशीटचा गठ्ठा द्यावा अशी काही पालकांचीच मागणी आहे. या तिन्ही गोष्टी कशा हाताळाव्यात?

बालवर्गताई :

सुट्टीच्या आधीच्या आठवड्यात नवीन काहीही सुरू करू नये आणि रोजचा क्रम मोडू नये. गोष्टीची वेळ, खाण्याची वेळ, बाहेर खेळण्याची वेळ जशीच्या तशी ठेवावी. बाहेर खेळण्याची वेळ वाढवता आली तर उत्तमच. त्या दिवसांत मुले घरीही उशिरा झोपतात, पाहुणे असतात, म्हणून वर्ग ही त्यांच्या दिवसातली ओळखीची जागा राहायला हवी. गोलात बसण्याचा वेळ दहा मिनिटांवर आणावा आणि पीठ मळण्यासारखी, माती थापण्यासारखी, कागद फाडण्यासारखी हातांना शांत करणारी कामे जास्त ठेवावीत.

परत आल्यावर 'सुट्टीत कुठे गेलात?' हा प्रश्न दादांनी वर सांगितलेल्या कारणासाठी टाळावा. त्याऐवजी सर्वांना उत्तर देता येईल असे काही विचारावे: सुट्टीत तू सकाळी उठल्यावर पहिल्यांदा कोणाला पाहिलेस, कोणता आवाज ऐकलास, काय खाऊन कंटाळलास. पहिल्याच दिवशी वर्गातल्या झाडाला किंवा कुंडीला भेटायला जावे. आपण नसताना ते बदललेले असते, आणि आपण नसतानाही दिवस चालूच होते ही जाणीव मुलांना तिथे होते. रडणाऱ्या मुलाला पहिल्या आठवड्यात एखादे नेमून दिलेले काम द्यावे. कुंड्यांना पाणी घालणे, हजेरीच्या चकत्या लावणे, यांसारख्या कामामुळे दारातून आत पाऊल टाकायला त्याला कारण मिळते.

वर्कशीटचा गठ्ठा देऊ नये. पालकांना सरळ नकार देण्याऐवजी कापडी पिशवी द्यावी. आमच्या पिशवीत एक जाड दोरा, एक भिंग, एक बोथट कात्री, कोऱ्या कागदांची शिवलेली वही आणि चार तेलखडू असतात. सोबत पालकांसाठी एक चिठ्ठी असते. त्यात लिहिलेले असते की वहीचे एक पान एका दिवसासाठी आहे, पण रोज काढलेच पाहिजे असे नाही. मुलाने काढलेल्या चित्राखाली ते जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत, न सुधारता लिहावे. दोऱ्याने घरातल्या वस्तू मोजून कोणती लांब, कोणती आखूड ते बोलावे. आणि घरातल्या मोठ्या माणसाकडून त्यांच्या लहानपणीच्या सुट्टीची एक गोष्ट ऐकावी. सुट्टीनंतर वह्या परत आल्या की त्या मुलांच्या हाताला येतील अशा ठिकाणी, पुस्तकांच्या कपाटात ठेवाव्यात. कित्येक आठवडे मुले एकमेकांच्या वह्या काढून बघतात आणि चित्रांवरून गोष्टी सांगतात. वही कोरी परत आली तरी ती कपाटात ठेवावी आणि त्या मुलाला वर्गातच शेजारी बसवून, तो सांगेल ते तिच्यात लिहून द्यावे. पिशवी शिवण्याचे काम पालकसभेत वाटून दिले तर त्याचा भार एकट्या शिक्षिकेवर पडत नाही.